मधली डबी

दर रविवारी दुपारी आमच्या घरातला पंखा बंद व्हायचा. बाहेर ऊन कितीही तापलेलं असो, बाबा उठायचे, पंखा बंद करायचे, रस्त्याकडची खिडकी लावायचे, आणि मग सगळ्यांनी स्पीकरजवळ सरकून बसायचं. सगळे म्हणजे बाबा आणि मी. आई स्वयंपाकघरात असायची, भांड्याला भांडं लागू न देता. बाबा रेकॉर्डवर सुई ठेवायचे, आवाजाचं गोल बटण पार शेवटपर्यंत फिरवायचे, आणि कुठून तरी खूप लांबून एक बारीक आवाज यायला लागायचा. श्वास रोखला तरच ऐकू येईल एवढा. तो आईचा आवाज होता.

लहानपणी मला वाटायचं, मला आया दोन आहेत. एक ही, घरातली, जिच्या हातांना साबणाचा वास येतो. आणि दुसरी त्या स्पीकरच्या आत, एका लांबच लांब बोळाच्या टोकाला उभी राहून गाणारी. अर्धवट झोपेत मी कितीदा तरी त्या बोळातून चालत गेले आहे. भिंतींना हात लावत जायचं, पुढे उजेड दिसायचा, आवाज मात्र होता तेवढाच लांब राहायचा. मग साडेतीन मिनिटं संपायची, सुई आतल्या रिकाम्या खाचेत खरखरत राहायची, बाबा उठून पंखा लावायचे, आणि दोन्ही आया परत एक व्हायच्या.

त्या रेकॉर्डची गोष्ट मला आईनंच सांगितली, एकदाच, मी पंधरा वर्षांची असताना. तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि हात न थांबवता बोलत होती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती एका कार्यालयात टायपिस्ट होती. कार्यालयाच्या कार्यक्रमात गायली, कुणी तरी ऐकलं, त्यानं आणखी कुणाला सांगितलं, आणि एका छोट्या कंपनीनं तिला बोलावून घेतलं. काचेच्या खोलीत ती उभी, बाहेर बाकावर बाबा. दोन गाणी झाली. तिथल्या लोकांनी लगेच ऐकवलं, तेव्हा तिला स्वतःचा आवाज बरा वाटला होता. महिन्याभरानं रेकॉर्ड घरी आली. बाबांनी तेवढ्या एका रेकॉर्डसाठी प्लेअर आणला, ॲम्प्लिफायर आणला, आणि स्वतः जोडला. बाबा वायरमन होते. निम्म्या गावाची वीज त्यांच्या हातून गेलेली, त्यामुळे जोडायला दुसऱ्या कुणाला बोलावणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं नाक कापून घेणं.

घरी तो आवाज पहिल्यांदा लागला आणि आई गप्प झाली. चिरका, पातळ, पत्र्यावर ओरखडा काढल्यासारखा. रेडिओवरच्या बायका भरदार गायच्या, आणि ही अशी. "तिकडे यंत्रं होती," आई मला म्हणाली, "त्यांनी गोड करून ऐकवलं. खरा आवाज काय तो घरी कळला." दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं, आणखी गाणी करू या म्हणून. आईनं उत्तर टाइप केलं, की माझा आवाज रेकॉर्डला चालण्यासारखा नाही. बाबांनी ते टपालपेटीत टाकलं. त्यानंतर ती गायली नाही. कार्यक्रमात नाही, न्हाणीघरात नाही, चहा उकळेपर्यंतसुद्धा नाही. मला अंगाई बाबांनी म्हटली, आणि बाबांचा सूर असा की मी झोपी जायचे ते बहुधा सुटका करून घेण्यासाठी.

मी आता चव्वेचाळीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. पुढे आमचा डॉक्टर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत दिवसभर विचारत असतो, "हे बरं दिसतं की हे? हे, की हे?" मागे माझ्या चाकावर पाणी ठिबकत असतं आणि ते प्रश्न माझ्या डोक्यात गिरक्या घेत असतात. या कामानं माणूस सुस्तावतो असं लोकांना वाटतं. मी सुस्तावत नाही, मी तापट आहे. पण दुपारी तीनच्या सुमाराला, चाक फिरत असताना, मी कुठे आहे हे मला नक्की सांगता येत नाही, हे खरं.

गेल्या महिन्यात ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला. बाबांनी प्लग खेचला, झाकण उघडलं, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि झाकण परत लावलं. पंचेचाळीस वर्षं चालला तो, आणखी काय हवं, असं म्हणाले. पण पुढचे दोन रविवार आमचा पंखा चालूच राहिला, आणि त्या वाऱ्यात बाबा अगदी हरवल्यासारखे बसून होते. दुसऱ्या रविवारी त्याच वेळेला आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, उभी राहिली आणि परत गेली. मग माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, मी नवा आणते.

माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, बटणं आणि लेस विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर एक माणूस जुनी-नवी ध्वनियंत्रं विकतो. सगळे त्याला कानसेन म्हणतात. त्याचं खरं नाव आता त्यालाही आठवत नसावं. साठीचा, सडपातळ, चष्म्याला दोरी. चष्म्याचा नंबर चुकलेला आहे हे मला जिन्यातूनच कळलं, पण मी जीभ आवरली.

सोमवारची दुपार होती. कानसेननं एक छोटा, नवा ॲम्प्लिफायर माझ्यापुढे ठेवला आणि चहात साखर ढवळत विचारलं, "ताई, प्रीॲम्प आहे ना घरी?"

"तो काय असतो?"

"रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधली डबी. या नव्यात ती नसते, वेगळी घ्यावी लागते."

"आमच्याकडे असलं काही कधीच नव्हतं."

"असणारच. जुन्यांच्या पोटातच असायची. मागे फोनो लिहिलेलं भोक असतं ना, त्यात वायर घातली की झालं."

"आमची वायर टेपच्या भोकात होती," मी म्हटलं.

कानसेनचा चमचा थांबला. "का हो?"

"फोनोच्या भोकात घूं असा आवाज यायचा म्हणे. बाबांनी टेपच्या भोकात घातली आणि घूं गेली. अजूनही सांगतात ते, कशी घालवली." मला हे सांगताना जरा अभिमानच वाटत होता. बाबांची ही गोष्ट आमच्याकडे आल्यागेल्याला सांगितली जायची.

"घूं येणारच. प्लेअरमधून एक बारीक सुटी तार येते, ती अर्थिंगची. ती ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावायची असते."

ती तार मला माहीत होती. प्लेअरच्या मागे तिचं बोटभर बुडखं होतं. बाबांनी ती पहिल्याच दिवशी कापून टाकली होती. एक वायर कमी म्हणजे एक बिघाड कमी, हे त्यांचं आवडतं वाक्य. ज्या माणसानं निम्म्या गावाच्या घरांना अर्थिंग करून दिलं, त्यानं स्वतःच्या घरात तेवढी एक तार फालतू म्हणून छाटली होती.

"मग काय झालं त्यानं?" मी विचारलं. मला अजून काहीच कळलं नव्हतं.

कानसेननं कप खाली ठेवला. रेकॉर्ड कापताना खालचे, जाड सूर मुद्दाम बारीक करून कापतात, तो म्हणाला, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला अर्धंच गाणं मावेल. वरचे, पातळ सूर वाढवून ठेवतात. ही मधली डबी ते सगळं उलटं करते. जे दाबलं ते परत देते, जे फुगवलं ते काढून घेते. शिवाय सुईतून येणारा आवाज मुळात एवढासा असतो, तो मोठा करते. "टेपच्या भोकात घातलं की आवाज त्या डबीतून जातच नाही. सगळं नुसतं पातळ येणार. माणूस असो की वाद्य, पत्रा."

माझ्या पिशवीत आईची रेकॉर्ड होती. यंत्र निवडायचं तर आपल्या ओळखीच्या आवाजावर निवडावं, असा माझा विचार होता, म्हणून आईला न सांगता, काचा पुसायच्या मऊ कापडात गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून आणली होती. मी ती बाहेर काढली.

कानसेनच्या दुकानामागे एक ऐकायची खोली आहे. जाड पडदे, जमिनीवर जुना गालिचा, एकच खुर्ची. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक उभी रेघ येते आणि तिच्यात धूळ अगदी सावकाश वरखाली होते. तिथे बसलं की खालच्या रस्त्याचा विसर पडतो. त्यानं आधी डबीशिवाय जोडलं. बारीक, लांबून आलेला तो आवाज सुरू झाला आणि मी मान हलवली. हो, हाच. ही आमची आई.

"आता ऐका," तो म्हणाला आणि मागे जाऊन वायर बदलली.

मी खोटं सांगणार नाही, पहिल्यांदा मी दाराकडे बघितलं. कुणी तरी आत आलं असं वाटलं मला. मग कळलं की आवाज समोरून येतोय. एक तरुण बाई माझ्यासमोर, हातभर अंतरावर उभी राहून गात होती. तिच्या आवाजाला छाती होती, उष्णता होती. शब्द सुरू करण्याआधी ती घेत असलेला श्वास ऐकू येत होता. खालच्या सुरावर ती अगदी सहज उतरत होती. लहानपणीच्या त्या बोळातून मी इतकी वर्षं चालत होते, आणि बोळ बिळ काही नव्हताच. ती जवळच उभी होती. ती माझ्यापेक्षा वीस-एक वर्षांनी लहान होती, आणि ती फार सुंदर गात होती.

मी रडले. कानसेननं पडद्याच्या फटीतून बाहेर बघायचं नाटक केलं. नंतर मला राग आला, इतका की खुर्चीचा हात मी नखांनी खरवडला. कापलेल्या तारेचा राग, बाबांच्या त्या ऐटीचा राग, मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नजरेतले दोष काढत बसले आणि घरात ऐकण्यात एवढा मोठा दोष होता त्याचा मला पत्ता नाही, त्याचा राग.

"घ्यायची आहे ना डबी?" थोड्या वेळानं कानसेननं विचारलं.

त्याच्याकडे तीन होत्या. पहिलीला इतकी बटणं की वैमानिकाला बसायला जागा तेवढी ठेवायची राहिली होती. कानसेन एकेक बटण दाबायचा आणि आई कधी जरा धारदार व्हायची, कधी मऊ. मी म्हटलं, ही नको, मला बटण दाबून आई निवडायची नाही. दुसरीला काचेचे छोटे दिवे होते, ते हळूहळू नारिंगी पेटायचे. बघत राहावं असं यंत्र. पण त्यातून आई जरा जास्तच गोड यायला लागली. तिला कुणी तरी नटवून बसवलं होतं. गोड करून ऐकवलं असं तिला एकदा वाटून गेलेलं आहे, तिला परत तेच म्हणायला मला जागा ठेवायची नव्हती.

तिसरी साबणाच्या वडीएवढी होती. काळी, बटण नाही, दिवा नाही. मागे दोन भोकं आवाज आत जायला, दोन बाहेर यायला, आणि अर्थिंगसाठी एक पितळी स्क्रू. "सगळ्यात साधी," कानसेन म्हणाला. "ही काही करत नाही. म्हणजे जेवढं करायचं तेवढंच करते." त्यानं लावली. आईनं श्वास घेतला आणि गायला लागली. तिच्यात काही मिसळलेलं नव्हतं, काही काढून घेतलेलंही नव्हतं. दुसऱ्या कडव्यात ती किंचित घाबरली होती, तेही ऐकू आलं. मी म्हटलं, हीच.

"आठ दिवस ठेवून बघा. नाही पटली तर परत आणा." मग तो दोरीचा चष्मा पुसत म्हणाला, "तुम्ही थेटही जोडू शकता हं. डबीशिवाय. तुमच्या घरी जसं यायचं तसंच येईल."

ते वाक्य मी घरी घेऊन गेले. म्हणजे घरी नाही, दुकानात. चार दिवस ती डबी, नव्या ॲम्प्लिफायरसकट, माझ्या चाकाखालच्या खणात पडून होती. चार दिवस मी काचा घासत होते आणि मनात तेच चालू होतं. आई अडुसष्ट वर्षांची आहे. आवाज वाईट होता म्हणून सोडला, या गोष्टीवर ती आता स्वस्थ बसलेली आहे. तिला मी काय सांगणार? की आवाज वाईट नव्हता, भोक चुकलं होतं? तेवढ्यासाठी आयुष्यातलं गाणं गेलं? मागे आमच्या दुकानात एक भरतकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या. वीस वर्षं चुकीचा नंबर वापरत होत्या. मी केलेला चष्मा लावून त्यांनी स्वतःचं जुनं काम बघितलं आणि आभार मानायचे सोडून माझ्यावरच उखडल्या. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. आता त्या चार दिवसांत मला त्या बाई फार आठवल्या.

गप्प बसणं सोपं होतं. वायर थेट घालायची, पंखा बंद करायचा, बाबा खूश, आई स्वयंपाकघरात. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण तो आवाज मी ऐकलेला होता. तो आता घरभर माझ्या मागे फिरत होता. आई समोर बसून मला विचारायची, "लक्ष कुठे आहे तुझं?" आणि मी तिच्या तोंडाकडे बघत तिच्या बोलण्यात तो खालचा सूर शोधायचे. तो होता. अजून होता. बोलताना वाक्याच्या शेवटी ती तिथे उतरत होती.

गुरुवारी दुपारी आई दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, तेव्हा मी बाबांना सांगितलं. सगळं, कानसेननं सांगितलं त्या क्रमानं. बाबा उठले, कपाटातून बॅटरी आणली, मेलेला ॲम्प्लिफायर भिंतीपासून ओढून उलटा केला आणि गुडघ्यावर बसून मागची अक्षरं वाचू लागले. बराच वेळ वाचत होते. तिथे तीन-चार शब्दच होते.

"अर्थिंग," ते शेवटी म्हणाले. तो शब्द त्यांनी असा उच्चारला की मला त्यांच्याकडे बघवेना. मग ते तिथेच जमिनीवर बसले, बॅटरी हातात तशीच चालू.

"बाबा, नाही सांगायचं तर नको सांगू या," मी म्हटलं. "डबी मी परत देते. आहे तसं चालू दे." आल्यापासून त्यांच्यावर उखडायचं ठरवून बसले होते मी, आणि तोंडातून हे निघालं.

बाबांनी बॅटरी बंद केली. "तिनं उत्तर टाइप केलं होतं," ते म्हणाले. "पाकीट मी चिकटवलं. पेटीत टाकताना पेटीच्या तोंडाशी ते अडकलं, तर मी आत ढकललं." मग म्हणाले, "डबी आण. मी जोडतो. पण आधी तिला सांगतो, मग लावतो. ऐकवून मग सांगणं बरं नाही."

रविवारी त्यांनी सकाळपासून तयारी केली. प्लेअरच्या बुडख्याला नवी तार जोडली, डबीच्या पितळी स्क्रूला घट्ट आवळली, दोनदा ओढून बघितली. दुपारी मी सवयीनं पंख्याकडे गेले, तर म्हणाले, "राहू दे चालू. आता बंद करावा लागणार नाही." मग त्यांनी आईला हाक मारली. या वेळेला तिला कधी हाक मारली जात नसे. ती हातात ओलं फडकं घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"बस जरा," बाबा म्हणाले.

"काय झालं?"

"बस."

आई सोफ्याच्या कडेला टेकली. बाबा उभे होते, तक्रार नोंदवायला आलेल्या माणसासारखे ताठ. त्यांनी सांगितलं. फोनोचं भोक, टेपचं भोक, कापलेली तार, मधली डबी, सगळं. आवाज चढवला नाही, काही गाळलं नाही.

"म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"म्हणजे तू घरी जो ऐकलास, तो तुझा आवाज नव्हता. कंपनीत ऐकवला होता तो तुझा. चूक माझी होती."

बाबांनी सुई ठेवली. मी खिडकीशी उभी होते, मला तिचा चेहरा एका बाजूनं दिसत होता. पहिला श्वास ऐकू आला तशी तिची मान वर झाली. मग ती मुलगी गायला लागली, आमच्या खोलीत, टेबल आणि सोफ्याच्या मधल्या त्या तेवढ्या जागेत, आणि आई तिच्याकडे बघत राहिली. पडद्याला वारा लागत होता, वर पंखा फिरत होता, तरी एक शब्द हरवला नाही. मला वाटलं, आपण सगळे पाण्याखाली आहोत आणि वरून ऊन येतंय. दुसऱ्या कडव्यात आईचा हात फडक्यासकट गळ्याशी गेला.

"परत," गाणं संपल्यावर ती म्हणाली.

बाबांनी परत लावलं. या वेळी तिनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर डोळे न उघडता म्हणाली, "आवाज चांगला होता माझा."

"हो," बाबा म्हणाले.

"मला राग आलाय तुमचा."

"हो. तार मी कापली."

"तारेचं नका सांगू मला." आईनं डोळे उघडले. "तार काय, कुणाकडूनही चुकते. दर रविवारी तुम्ही हे लावून बसायचात. पंखा बंद करून. मी आत उभी राहून मनात म्हणायचे, बायकोचं मन राखायला किती करतात बिचारे. इतका वाईट आवाज आणि दर रविवारी ऐकून घेतात. मला लाज वाटायची. उपकार वाटायचे तुमचे."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मन राखायला?" ते म्हणाले. "मला आवडायचा म्हणून लावायचो मी."

"तो पत्रा?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"लावत होतो की," बाबा म्हणाले. "दर रविवारी."

"लावत होतात. बोलला नाहीत." आईचा आवाज अगदी खाली, त्या खालच्या सुरावर गेला. "पंचेचाळीस वर्षांत एकदा नाही. त्या पत्राच्या दिवशी नाही. मी टाइप करत होते तेव्हा तुम्ही मागे उभे होतात. एवढंच म्हणाला असतात, की मला आवडतो, तर तो कागद मी फाडून टाकला असता. पत्र्यासकट गायले असते मी."

खोलीत सुईची खरखर चालू होती. मला वाटलं आपण इथून जावं, पण पाय निघेनात. बाबांनी घसा साफ केला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत उजेड करून देणारा माणूस तो, आणि स्वतःच्या खोलीत चार शब्द काढताना त्याला घाम फुटला होता.

"मला तुझा आवाज आवडतो," ते म्हणाले. अर्ज वाचून दाखवावा तसे. मग परत, हळू, "तेव्हाही आवडायचा."

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"उशीर केलात," ती म्हणाली. "लावा परत."

बाबांनी सुई उचलून पहिल्या खाचेवर ठेवली. सोफ्यावर तिच्या शेजारी भरपूर जागा होती. ती बसा म्हणाली नाही, आणि बाबा बसले नाहीत. शेवटचा सूर संपेपर्यंत ते उभ्यानंच ऐकत राहिले.